‘ध’चा ‘मा’

सदर : वर्गाबाहेरचा तास



डिसेंबर लागला की आमच्या शाळेत वर्गापेक्षा ओट्यावर जास्त गर्दी असते. स्नेहसंमेलन जवळ आलेलं असतं ना! आमची शाळा श्रीवर्धन तालुक्यातली, पहिली ते सातवीची. मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे सुरूचं बन आणि समुद्र. दरवर्षी कोळीनृत्य, शेतकरी नाच आणि एक विनोदी नाटुकलं आमच्याकडे ठरलेलं. यंदा मात्र सातवीची मुलं हट्टाला पेटली.

“बाई, या वर्षी इतिहासातलं नाटक करू या. तलवारींचं!”

“चालेल,” मी म्हटलं, “पण आपल्या भागातल्या माणसांचं करू. सांगा पाहू, पेशवे कुठले?”

“पुण्याचे!” सगळा वर्ग एका सुरात.

“चूक. श्रीवर्धनचे.”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पण खरंच सांगते. पेशव्यांचं आडनाव भट. या भट घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं आणि बाळाजी विश्वनाथ भट यांना गाव सोडून घाटावर जावं लागलं. तिथे हुशारी आणि कष्ट यांच्या बळावर ते वर चढत गेले. १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिलं. त्यांचा मुलगा पहिला बाजीराव. बाजीरावाची मुलं नानासाहेब आणि रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. नानासाहेबांची मुलं विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव. एवढी वंशावळ फळ्यावर काढली आणि नारायणरावाच्या नावाभोवती गोल केला.

“आपलं नाटक या मुलाचं,” मी म्हटलं. “नाटकाचं नाव ‘भाऊबंदकी’.”

हे नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी लिहिलं. खाडिलकर म्हणजे लोकमान्य टिळकांचे सहकारी, ‘केसरी’त लिहिणारे. १९०९ सालचं हे नाटक. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९०७ साली, सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ अशी फूट पडली होती. घर फुटलं की काय होतं, हे त्या वेळच्या प्रेक्षकांना वेगळं सांगावं लागलं नसेल. मूळ नाटक मोठं आहे, भाषाही जुन्या वळणाची. म्हणून आम्ही त्यातला एकच प्रसंग घेतला आणि संवाद आमचे आम्ही लिहिले. वीस मिनिटांचा खेळ.

उंच मुलगा राघोबा झाला. चणीने बारीक, पण आवाजाने खणखणीत मुलगा नारायणराव झाला. आनंदीबाई मिळायला वेळ लागला, कारण वाईट बाईचं काम कुणाला नको होतं. आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे झाली सहावीतली एक मुलगी. पगडी तिच्या भुवयांपर्यंत यायची, पण बोलायला लागली की सगळे गप्प!

तालीम सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी गाडी अडली.

गारदी मागे लागलेत, नारायणराव धावत काकाच्या महालात येतो, राघोबाच्या कमरेला मिठी मारतो आणि म्हणतो, “काका, मला वाचवा!” हा प्रसंग महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? पण आमचा नारायणराव धावत यायचा, राघोबापासून दोन हात लांब थांबायचा आणि भिंतीकडे बघून पुटपुटायचा. मिठी नाही, काही नाही. आणि आमचा राघोबा तेवढा वेळ पायाच्या अंगठ्याने शेण सारवलेली जमीन उकरत राहायचा.

“अरे, जीव वाचवायला आलायस ना तू? मग त्याला धर की!”

“नाय बाई. मी त्याला नाय धरणार.”

मधल्या सुट्टीत दोघांना जवळ बसवलं. तेव्हा कळलं ते असं. दोघं सख्खे चुलतभाऊ. घर एकच. पण तीन वर्षांपूर्वी आजोबा गेले आणि ओटीच्या मधोमध पत्रा उभा राहिला. पत्र्याच्या अलीकडे एकाचं घर, पलीकडे दुसऱ्याचं. वाडीतला रस्त्याकडचा तुकडा कुणाचा, यावरून वाद. पूर्वी त्या तुकड्याला कुणी विचारत नव्हतं, तिथे चार नारळ आणि बाकी गवत. आता समुद्राजवळची जागा बघायला बाहेरून गाड्या येतात आणि चार नारळांच्या तुकड्याला सोन्याचा भाव आलाय. दोघे भाऊ म्हणतात, बाबांनी तो मलाच तोंडी दिला होता. कोर्टात तारखा चालू आहेत.

“आणि आजी कुठल्या बाजूला राहते रे?” मी विचारलं.

“एक महिना इकडं, एक महिना तिकडं.”

गावाचं किंवा मुलांचं नाव मी सांगणार नाही. आमच्याकडची गोष्ट असली तरी कोकणातल्या कुठल्याही वाडीत ती सापडेल. त्या दिवशी मी तलवारी खाली ठेवायला लावल्या, सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हटलं, “आधी गोष्ट नीट समजून घेऊ. मग ठरवा, नाटक करायचं की नाही.”

तीच गोष्ट आता तुम्हालाही सांगते.

राघोबा मुळात कसा होता? भित्रा? नालायक? मुळीच नाही. १७५८ साली त्याच्या हाताखाली मराठी फौजा पंजाबात गेल्या आणि सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या. ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार तुम्ही वापरता ना, तो त्याच मोहिमेवरून आला. एवढी कीर्ती पदरात असलेला माणूस. पण मनात एक काटा होता : पेशवेपद मला का नाही?

१७६१ साली पानिपत झालं, नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. मोठे कर्तबगार. पण काकाची धुसफूस त्यांनाही निस्तरावी लागली. १७७२ साली थेऊरला क्षयाने माधवराव वारले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या नारायणरावाचा हात काकाच्या हातात दिला, असं सांगतात. म्हणजे ज्याच्यापासून धोका, त्याच्यावरच विश्वास टाकला. घरातल्या माणसावर टाकायचा नाही, तर कुणावर?

नारायणराव तापट होता, कच्चा होता. काका-पुतण्याचं पटेना आणि राघोबाला शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवलं गेलं. मग आत कट शिजला. वाड्यावरचे गारदी, म्हणजे पगारी शिपाई, हाताशी धरले. नारायणरावाला पकडायचं, असा हुकूम ठरला. “नारायणरावास धरावे.” आणि पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे. आनंदीबाईने त्या कागदावर ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस होते. भरदुपारी गारदी वाड्यात घुसले. नारायणराव तेव्हा फक्त अठरा वर्षांचा होता. तो काकाकडे धावला, काकाने वाचवलं नाही. त्याला पाठीशी घालायला आलेला सेवकसुद्धा मारला गेला.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आनंदीबाईनेच अक्षर बदललं, हे इतिहासात सिद्ध झालेलं नाही. लोकांच्या तोंडून आणि नाटकांतून ही कथा आपल्यापर्यंत आली. खून झाला, कट झाला आणि त्यात राघोबाचा हात होता, हे मात्र चौकशीत पुढे आलं.

इथे आमचा राघोबा पहिल्यांदा बोलला. “बाई, म्हणजे राघोबाने नुसतं ‘धरा’ म्हटलं होतं. मारा नाही म्हटलं. मग त्याचा गुन्हा कमी ना?”

काय उत्तर द्यावं, या विचारात मी होते. तेवढ्यात पगडीवाली रामशास्त्री म्हणाली, “पण गारद्यांना दार कुणी उघडून दिलं? त्यानेच ना?”

वर्ग शांत झाला. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, एकाखाली एक. धरावे. मारावे. बघा मुलांनो, दोन्ही शब्दांत ‘रावे’ तेच आहे. मध्ये अंतर आहे एका अक्षराचं. हाव पहिल्या दिवशी कधीच ‘मारा’ म्हणत नाही. ती म्हणते, थोडंसं धर. जरा दाबून ठेव. एवढंसं लपव. आणि एकदा ‘धरावे’ला हो म्हटलं की ‘मारावे’ आपल्या हातात राहत नाही, ते दुसरंच कुणीतरी लिहून टाकतं.

बरं, एवढं करून राघोबाला काय मिळालं?

पेशवेपद मिळालं, पण वर्षभरसुद्धा टिकलं नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि समोर राज्याचा धनी बसलेला असताना त्याला तोंडावर सांगितलं की या पापाला प्रायश्चित्त एकच, देहान्त. मग नोकरी, मानमरातब सगळं सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. नाना फडणीस, सखारामबापू वगैरे कारभारी एकत्र आले. त्यांनाच ‘बारभाई’ म्हणतात. नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती. १७७४ सालच्या एप्रिलमध्ये पुरंदरावर तिला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांचं ते बाळ पेशवा झालं. सवाई माधवराव!

आणि राघोबा? तो पळत पळत सुरतेला इंग्रजांच्या दारात गेला. १७७५ सालच्या मार्चमध्ये त्याने तह केला. मला पुण्याच्या गादीवर बसवा, त्याबद्दल साष्टी आणि वसई घ्या. साष्टी म्हणजे आजची मुंबईची उपनगरं आणि ठाणे. आणि वसई? ती १७३९ साली पोर्तुगिजांकडून कुणी जिंकली होती, माहीत आहे? चिमाजी अप्पांनी. ते राघोबाचे कोण? सख्खे काका! एका काकाने रक्त सांडून जिंकलेली वसई पुतण्या एका सहीने द्यायला निघाला.

सात वर्षं लढाई चालली. १७८२ साली सालबाईचा तह झाला. राघोबाला गादी मिळाली नाही, वर्षाला तीन लाखांची पेन्शन मिळाली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. दुसऱ्याच वर्षी कोपरगावला तो वारला. पुढे त्याचाच मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला. १८०२ साली होळकरांनी पुण्याजवळ त्याचा पराभव केला, तेव्हा तो घाट उतरून आपल्या महाडला आला आणि तिथून समुद्रमार्गे वसईला जाऊन इंग्रजांना शरण गेला. १८१८ साली पेशवाई संपली. श्रीवर्धनहून निघालेलं घराणं अटकेपर्यंत पोचलं होतं. त्याला पहिला मोठा तडा बाहेरच्या शत्रूने दिला नाही, तो घरात गेला.

“पण हे राजे लोकांचं असतं बाई,” एक मुलगी म्हणाली. “आपल्याकडे असं नसतं.”

“अलिबागला गेलीस ना तू? समुद्रातला कुलाबा किल्ला बघितलास?”

कान्होजी आंग्र्यांचं नाव ऐकलं की इंग्रज, पोर्तुगीज, सगळ्यांची जहाजं किनाऱ्यापासून लांबून जायची. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांच्यामागे कर्ता झालेला मुलगा सेखोजी १७३३ साली वारला आणि संभाजी आणि मानाजी या भावांत जुंपली. भांडण इतकं वाढलं की १७३५ साली पहिल्या बाजीरावाने घराण्याच्या दोन वाटण्या करून दिल्या. कुलाबा मानाजीला, विजयदुर्ग संभाजीला. म्हणजे आरमाराच्या ओटीवर पत्राच उभा राहिला म्हणा ना! पुढे १७५६ साली विजयदुर्गाच्या तुळाजी आंग्र्यावर पेशवे आणि इंग्रज मिळून चालून गेले आणि आंग्र्यांचं ते आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळून गेलं. ज्या आरमाराला परके भीत होते, ते आपल्याच माणसांच्या मदतीने परक्यांनी जाळलं.

‘पत्रा’ हा शब्द मी बोलून गेले आणि जीभ चावली. पण आमचे राघोबा-नारायणराव दोघेही खाली बघून ऐकत होते.

मुलांनो, नाटक लिहिणाऱ्यांना हा विषय फार जुना आहे. इंग्लंडच्या शेक्सपिअरने १६०६ सालच्या सुमारास ‘मॅकबेथ’ लिहिलं. मॅकबेथसुद्धा राघोबासारखाच शूर सरदार. तीन चेटकिणी त्याला सांगतात की तू राजा होशील. झालं! राजा त्याच्या घरी पाहुणा म्हणून येतो आणि रात्री झोपेत मॅकबेथ त्याला मारतो. बायकोची फूस असतेच. मुकुट डोक्यावर येतो, पण त्या रात्रीपासून मॅकबेथची झोप जाते. आणि बायको? ती झोपेत चालते आणि नसलेले रक्ताचे डाग हातांवरून धूत राहते. वि. वा. शिरवाडकरांनी, म्हणजे आपल्या कुसुमाग्रजांनी, १९५४ साली ते ‘राजमुकुट’ या नावाने मराठीत आणलं. दुर्गाबाई खोट्यांनी ‘राजमुकुट’मध्येही काम केलं आणि ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाईही रंगवली. दोन देशांतल्या दोन बायका, पण मनातली आग एकच.

त्याहूनही जुनं नाटक आपल्या संस्कृतातलं. भास नावाचा नाटककार, कालिदासाच्याही आधीचा. त्याच्या नाटकांची हस्तलिखितं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केरळात सापडली. त्यातलं एक ‘ऊरुभंग’. ऊरू म्हणजे मांडी. सुईच्या टोकावर राहील एवढीही जमीन पांडवांना द्यायची नाही, असं म्हणणारा दुर्योधन तुम्हाला माहीत आहे. भीमाने गदेने मांड्या मोडल्यावर तो जमिनीवर पडलाय, तिथे हे नाटक रंगतं. त्याला शोधत त्याचा लहानगा मुलगा दुर्जय येतो. बाबा दिसल्यावर लहान मूल काय करील? मांडीवर बसायला धावेल. दुर्जयही धावतो. आणि दुर्योधनाला त्याला अडवावं लागतं. कारण मुलाला बसायला मांडीच राहिलेली नाही.

हे सांगताना माझाच आवाज जरा बसला. एवढं मोठं हस्तिनापूर, एवढी जमीन. ती सगळी मिळावी म्हणून लढला, आणि शेवटी स्वतःच्या मुलाला द्यायला वीतभर मांडी नाही.

तास संपायला आला. एका हुशार मुलाने हात वर केला. “बाई, मला स्कॉलरशिपमध्ये पहिलं यायचंय. मग ती पण हावच का?”

किती छान प्रश्न! मोठं व्हावंसं वाटणं वाईट असतं, तर बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनहून निघालेच नसते. पहिला नंबर हवा, मोठी होडी हवी, घराला नवं छप्पर हवं, हे सगळं हवंच. फरक ओळखायची एक सोपी खूण मी मुलांना दिली. जे सगळ्यांसमोर, उजेडात मागता येतं, ती महत्त्वाकांक्षा. जे मिळवायला दार लावून अक्षर बदलावं लागतं, ती हाव. “मला पहिलं यायचंय” हे तू पूर्ण वर्गासमोर म्हणालास. झालं तर मग! शेजाऱ्याची वही लपवावीशी वाटली, तर मात्र ‘ध’चा ‘मा’ सुरू झाला म्हणून समज.

दुसऱ्या दिवशी मी तालमीचं काहीच बोलले नाही. दुपारी बघते तर ओट्यावर आमचा राघोबाच आमच्या नारायणरावाला ओरडत होता, “अरे, नीट धर ना! लांबून काय काका म्हणतोस?”

स्नेहसंमेलनाच्या रात्री मंडप भरला होता. दोन्ही घरं आली होती. एक डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला. आजी मधल्या वाटेशेजारच्या खुर्चीत. गारदी पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन धावले, नारायणराव रंगमंचभर पळाला. तालमीत मी त्याला सांगितलं होतं की हाक मारताना समोर बघ, आवाज मागपर्यंत जातो. त्याने राघोबाच्या कमरेला घट्ट मिठी मारली, मान वळवून समोर पाहिलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, “काका, मला वाचवा!”

मंडपात चिडीचूप. मग पगडीवाल्या रामशास्त्रीने निकाल सांगितला आणि पडदा पडला.

नंतर खुर्च्या गोळा करताना त्याचे खरे काका माझ्याजवळ आले. थोडा वेळ हातातली खुर्ची नुसतीच उघडमीट करत राहिले. मग म्हणाले, “बाई, पोरगा माझ्याकडं बघूनच ओरडला काय ओ?”

“नाही हो,” मी म्हटलं. “समोर बघ, एवढंच सांगितलं होतं त्याला. त्याच्या समोर तुम्ही होतात.”

ते काही बोलले नाहीत. खुर्ची घडी करून ठेवली आणि गेले.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी पत्रा निघाला असेल. नाही निघाला. पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख आहे आणि दोन्ही घरं जाणार आहेत. मोठ्यांची भांडणं वीस मिनिटांच्या नाटकाने मिटत नाहीत, हे मलाही कळतं. पण परवा संध्याकाळी त्या घरावरून जाताना पाहिलं. दोघं पोरं पायरीवर बसून एकाच पुस्तकातली गणितं सोडवत होती. पत्रा ओटीवर आहे ना, पायरीपर्यंत तो पोचत नाही. आणि आजी दाराच्या चौकटीला टेकून त्यांच्याकडे बघत बसली होती. कुठल्या महिन्यातली कुठली बाजू, ते मी विचारलं नाही.

आता तुमची पाळी

१. फळ्यावर किंवा वहीत ‘धरावे’ आणि ‘मारावे’ लिहा. एक अक्षर बदलून अर्थ उलटा होतो, अशा आणखी पाच शब्दांच्या जोड्या शोधा.

२. वर्गात रामशास्त्रींचा दरबार भरवा. एकाने राघोबाची बाजू मांडायची, एकाने नारायणरावाची. “मी फक्त धरा म्हटलं होतं,” हा बचाव तुम्ही मान्य कराल का? निकाल कारणासह लिहून मला पाठवा.

३. आजी-आजोबांना विचारा, आपल्या घराण्यात कुणी ‘हे मला नको, तुम्ही घ्या’ असं म्हणून भांडण मिटवलं होतं का? अशा माणसाचं नाटक कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा.

पालकांसाठी दोन शब्द

सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागावं, हे कायदा ठरवील. हक्क असेल तर तो मागायलाच हवा, उजेडात आणि कागदपत्रांसह. एवढंच करा, मुलांचं एकमेकांशी बोलणं त्या वाटणीत घालू नका. तारखा, वकील, बांध, हे सगळं आपलं. ती मात्र अजून एकाच पायरीवर बसू शकतात.

– तुमच्या बाई